कुलपं मागेच राहिली

घरच्या किल्ल्या रोज हरवणाऱ्या, पण दवाखान्याचे संगणक डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे किल्लीदार म्हणत. एकदा त्यांनी जुन्या संगणकावरच्या फाइली नेटवर्कवरून नव्यावर उतरवल्या. काउंटरवरच्या मावशी खुशीत म्हणाल्या, "अहो, मला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंच्या फाइलीही उघडता येतायत."

रुग्णांनी बाईंपाशी मोकळं केलेलं मन आता कुणीही वाचू शकत होतं. किल्लीदारांनी आधी नेटवर्कची वायर उपटली.

"फाइली आल्या ना? मग झालं की," दवाखान्याचे साहेब वैतागले.

"साहेब, बिऱ्हाड आलं, पण कुलपं जुन्या घरीच राहिली."

कुणाला काय उघडायची परवानगी आहे, तीही सोबत येईल अशी नक्कल त्यांनी पुन्हा केली आणि वायर परत जोडली. "मावशी, आता उघडा बघू."

"नाही हो उघडत."

मावशी हिरमुसल्या आणि किल्लीदारांचा जीव भांड्यात पडला.