गेलेली लेकरं बी मोजा

"बाई, तुमचं रक्त फार गेलंय. आजच दुसऱ्याचं द्यावं लागेल," परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. झरीहून बैलगाडीत आणलं तवा मला धड बसता येत नव्हतं. कुशीत तान्ही पोरगी होती.

माझा अन् माझ्या भावाचा ग्रुप, म्हंजी रगताचा प्रकार, एकच निघाला. भाऊ लगेच बाही वर करून बसला.

"याआधी किती बाळंतपणं झाली?" डॉक्टरांनी इचारलं.

आत्याबाई, म्हंजी माझी सासू, मधीच बोलल्या, "पहिलंच हाय साहेब."

पहिलं कुठलं? दोन लेकरं पोटातच गेली होती. पण आमच्याकडं ओल्या बाळंतिणीपुढं गेलेल्याचं नाव काढत न्हाईत. काढलं की ते नव्याला बोलावून नेतं म्हणतात.

"मग लांबड लावत नाही. साधी तपासणी करून देऊ," डॉक्टर म्हणाले.

इचारलं म्हंजी त्यात कायतरी असंलच की. बोलावं तर पोरगी जाईल, गप ऱ्हावं तर मी जाईन. लय भ्याले. पोरीच्या कानावर हात ठिवला अन् म्हणलं, "तिसरं हाय. दोन गेली."

आत्याबाईंनी तोंड फिरवलं.

डॉक्टर थांबले. म्हणाले, "पोटातल्या लेकराचं रक्त परकं वाटलं, तर आईचं रक्त त्याच्याशी भांडायला शिकतं. त्यालाच अँटीबॉडी म्हणतात. ती वर्षानुवर्षं राहते, आणि तसलंच दुसऱ्याचं रक्त दिलं तर त्याच्याशीही भांडते." मग माझं अन् भावाचं रगत मिसळून त्येंनी मोठी तपासणी केली. नळीत बारीक गुठळ्या झाल्या. हे दिलं असतं तर मी गेलेच असते.

सख्ख्या बहिणीला आपलं रगत चालंना म्हणून भाऊ रडला. मालकांचं तर नकोच म्हणाले, लेकरांत त्येंचंच रगत म्हणून. शेवटी ताडकळसचा एक मेंढपाळ आजारी बायकोपाशी बसलेला होता, त्याचं जमलं. त्याचं भलं होवो.

बायांनो, दवाखान्यात इचारलं तर गेलेली लेकरं बी सांगा. सासू डोळे वटारंल, वटारू द्या.

घरी आल्यावर पोरगी तापानं फणफणली. आत्याबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या. आता मलाच बोल लावणार म्हणून मी मान खाली घालून बसले.

"माझी बी तिघं गेली," त्या म्हणाल्या. "एकाचं नाव ठिवलं होतं, गंगाराम. तुझ्या नवऱ्याला बी ठाव न्हाई."

ताप उतरंस्तोवर आमी दोघी गेलेल्यांचंच बोलत बसलो.