डाव्या इंजिनाचं तेल

सूनबाईनं डोकं खाल्लं म्हणून लिहितोय. "आप्पा, रोज जेवताना तेच किस्से. एकदा वहीत उतरवा अन् आम्हाला मोकळं करा." माझी शाळा चौथीपर्यंत. चुका दिसल्या तर तुमच्याजवळच ठेवा. चार म्हातारे एका टेबलाला बसले की किस्से धुळीसारखे साचतात, पुसायला कुणी येत नाय.

टेबल अन्वरभाईंचं. छावणीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आता तिथं घड्याळं कमी अन् आम्हीच जास्त. कांबळे सर चित्रकलेचे मास्तर, रिटायर झालेले. मी गाड्यांचा डेंटिंग-पेंटिंगवाला, गारखेड्याहून येतो. तिघं मिळून जुन्या लष्करी विमानांची प्लॅस्टिकची मॉडेलं जोडतो, रंगवतो. चौथे दिवेकर साहेब, कारखान्यातले इंजिनियर. ते बनवत नायत, चुका काढतात.

*

पहिलं केलं नॅट. छोटं जेट, पुढच्या बाजूला चाक. पंधरा दिवस खपून टेबलावर ठेवलं तर शेपटीवर बसलं, नाक आभाळात. असल्या विमानाच्या नाकात वजन भरायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं?

मग डकोटा घेतलं, दोन पंख्यांचं मालवाहू. या खेपेला अन्वरभाईंनी आधीच नाकात शिसं ठासलं अन् मगच जोड चिकटवला. ठेवलं तर नाकावर उभं! डकोटाचं शेपटीकडचं चाक बुटकं, ते बसतंच शेपटीवर.

"मियाँ, ये तो सबको सलाम ठोकरा," अन्वरभाई म्हणाले.

शिसं काढायला नाक कापावं लागलं. ते मी कापलं अन् पुन्हा बसवलं. जन्मभर ठोकलेल्या गाड्यांची नाकंच सरळ केली, जोड दिसला तर सांगा.

*

खिडक्या अन्वरभाईंनी भलत्याच गोंदानं चिकटवल्या. सकाळी सगळ्या काचा पांढऱ्या फटक.

कांबळे सरांनी भिंग लावून पाहिलं. "आत माणसं बसलीत वाटतं. श्वास घेतायत."

*

डकोटाच्या पाठीवर वायरलेसची तार असते, मॉडेलात तिच्या जागी केस लागतो. सरांना टक्कल, अन्वरभाईंचे केस मेंदीनं लाल. मी घरी जाऊन बायकोला एक केस मागितला. तिनं चांगला लांब पांढरा उपटून दिला.

"तुमच्या पायी पांढरे झालेत, घ्या. एक तरी कामाला आला."

*

आता ऐका. विशीत मी दोन वर्षं हवाई तळावर होतो. हंगामी मजूर. काम एकच, डकोटा पुसायचं. डावं इंजिन लई गळायचं. तेलाचा काळा ओघळ पार पंखाच्या मागच्या कडेपर्यंत जायचा. मिस्तरी म्हणायचा, "गळायचं थांबलं तर घाबर, आतलं संपलं." त्या दोन वर्षांचा माझ्याकडं कागद नाय, फोटो नाय. तो ओघळ तेवढा ध्यानात आहे, अन् मॉडेलवर मी तो बरोब्बर तिथंच काढला.

आमच्या मॉडेलांचं प्रदर्शन आठवड्यावर आलं. टेबलावर काय ठेवायचं ते दिवेकर साहेबांच्या हातात. त्यांनी डकोटा बघितलं अन् तोंड वाकडं केलं.

"आप्पा, हे विमान आहे का भज्याची कढई? पुसून आणा."

"खरं विमान असंच असतं साहेब."

त्यांनी मोबाईलवर संग्रहालयातलं डकोटा दाखवलं. चकचकीत.

"ते उडत नाय, म्हणून गळत नाय," मी म्हणालो.

"तुम्ही कधी आत बसलात का? फडकी मारणाऱ्यानं मला विमान शिकवू नये."

चार लोकांत म्हणाले. अन्वरभाई हळूच म्हणाले, "आप्पा, पोंछ डालो, क्या जाता है?" मी म्हणालो, तेव्हा पुसायची मजुरी मिळायची, आता फुकट पुसणार नाय.

*

प्रदर्शनात सगळी विमानं आत, पांढऱ्या चादरीवर. माझं बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या जारशेजारी स्टुलावर. मी पण तिथंच खुर्ची टाकून बसलो. लोक येत, पाणी पीत, ग्लास विमानाशेजारी ठेवून जात. मी ग्लास उचलत होतो.

दुपारी एक म्हातारे काठी टेकत आले. पाठ फौजीसारखी सरळ, मिशी पांढरी. ग्लास भरला अन् न पिताच खाली ठेवला. काठी माझ्याकडं दिली, वाकले अन् डाव्या इंजिनाखाली बोट फिरवलं. रंग वाळून महिना झाला होता. तरी त्यांनी बोट उजेडात धरून पाहिलं, खिशातून रुमाल काढला अन् नीट पुसलं.

मग म्हणाले, "तुम्ही कुठल्या कामावर होता?"

"पुसायच्या."

ते हसले नायत. हात पुढं केला, तोच, पुसलेला.

दारात उभं राहून हे सगळं बघणाऱ्या माणसानं अजून माझी माफी मागितलेली नाय. नाव पूर्ण लिहून ठेवतो. वसंत नारायण दिवेकर.