आपांना न उतरलेली बहीण

रझियाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामोठ्यातल्या क्लासमध्ये मुलांना निबंध देऊन बसले होते. पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं...

आपा पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्तीनंतर एकट्याच राहायच्या, कथा लिहायच्या. रविवारी मी माझं लिखाण त्यांना दाखवायला न्यायचे. "तुझी ही सासू फारच वाईट आहे गं," एकदा म्हणाल्या, "ती कुणासाठी रडते ते शोध, मग लिही." शोधलं, आणि माझी पहिली बरी कथा झाली.

त्यांची स्वतःची सगळ्यात खरी कथा मात्र त्यांना महागात पडली. थोरली बहीण जैनबबी लग्नकार्यात अत्तराच्या बाटल्या वाटायची, 'मुलानं दुबईहून पाठवलंय' म्हणायची. मुलानं संबंध केव्हाच तोडले होते. अत्तर पनवेलच्याच बाजारातलं. हे फक्त आपांना ठाऊक होतं. नाव बदलून त्यांनी ते दिवाळी अंकात लिहिलं. नात्यात सगळ्यांनी ओळखलं. जैनबबीनं बोलणंच टाकलं.

मग आपांनी तिच्यावर कादंबरी लिहायला घेतली. "या वेळी तिच्या बाजूनं लिहीन. वाचेल, तर समजेल." अकरा वर्षं लिहीत आणि फाडत राहिल्या. "कागदावर उतरतच नाही गं ती. आता हसते कशी, जिना चढवतो का तिला... मला काय माहीत?" जैनबबी राहायची ते करंजाडे रिक्षानं दहा मिनिटांवर. मी म्हटलं, "जाऊन या ना." "पुरी झाली की घेऊनच जाईन." मीही पुन्हा आग्रह केला नाही. मलाही ती कादंबरी हवी होती.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर ते अर्धवट बाड मीच करंजाडेला नेलं. जैनबबीनं हातसुद्धा लावला नाही. "माझ्यावर लिहायला अकरा वर्षं मिळाली तिला. माझ्याकडे यायला एक दुपार नाय मिळाली?" दार लागलं.

बाड आपांच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. जिन्यात खालच्या काकू भेटल्या. "त्यांची बहीण आता कुठे राहणार हो? रोज दुपारी दोघींचं बोलणं ऐकू यायचं. कधी भांडायच्या, कधी हसायच्या."

आपांकडे माझ्याशिवाय कुणी येत नसे. कादंबरीतले संवाद त्या मोठ्यानं म्हणून बघत असणार, दोघींच्या आवाजात...

"करंजाडेला," मी म्हणाले.

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या, "शेवटी बहीण तरी जवळ होती."