आक्काचं न्हाणीघर आणि नाहीमिस्त्री

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मिस्त्री पहिल्यांदा दारात उभे राहिले तेव्हा मी त्यांना रद्दीवाला समजले आणि जुन्या वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे सरळ त्यांच्या हातात दिले. वर ऐकवलंही, "वजन नीट करा हं, मागच्या खेपेला काट्यात घोळ होता."

त्यांनी गठ्ठे घेतले, कडेला नीट रचून ठेवले आणि म्हणाले, "हे मी नेत नाही. न्हाणीघर कुठंय?"

आता यात माझी काय चूक? विटका सदरा, खांद्याला चुरगळलेली पिशवी, आणि चेहरा असा की सकाळीसकाळी कुणीतरी कडू औषध पाजलंय. त्याआधीचा कंत्राटदार बघायला हवा होता तुम्ही! इस्त्रीचा शर्ट, मोबाइलमध्ये न्हाणीघरांचे दोनशे फोटो, आणि प्रत्येक गोष्टीला "होऊन जाईल काकू, तुम्ही फक्त बघत राहा." मी त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलं होतं. एका दिवसात त्यानं जुनी फरशी उखडली, सगळा राडा पॅसेजमध्ये लोटला आणि आजी वारली म्हणून गेला. चार दिवसांनी फोन केला, तर दुसरी आजी. आठवड्यानं पुन्हा केला, तर तिसरी! आमचे हे म्हणाले, "मोठं कुटुंब दिसतंय." यांना विनोद सुचतात. आंघोळीला मात्र दोघंही बादली घेऊन शेजारणीकडे जात होतो.

माझा जीव टांगणीला लागला होता तो आक्कासाठी. आक्का माझी थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. याच न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडखळून पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "उंबरा नको, धरायला दांड्या हव्यात, आणि यांनी वाकायचं अजिबात नाही. तसं न्हाणीघर तयार असेल तरच घरी सोडते. नाहीतर महिनाभर शुश्रूषा केंद्रात." आक्कानं ते ऐकलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. "मला तिकडं पाठवलंस ना, तर बघ." मिस्त्री आले तेव्हा तिला घरी सोडायची तारीख सोळा दिवसांवर होती.

तर असे हे मिस्त्री. मी म्हटलं, "सोळा दिवसांत होईल ना?"

"आत्ता सांगत नाही."

"फरशी ही निळी घेऊ या?"

"नाही. ओली झाली की घसरेल."

"निदान आज काम सुरू करा."

"आज नाही."

उपडी बादली ओढून ते उखडलेल्या जमिनीकडे बघत बसले. घड्याळ लावून सांगते, पाऊण तास! मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. हे हळूच म्हणाले, "ध्यानाला बसलेत का गं?" मी म्हटलं, "माझं नशीबच असलं, एक पळतो आणि एक बसतो." त्याच दिवशी त्यांचं नाव नाहीमिस्त्री पडलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, पेशंटचं माप घ्यायचंय. मी उडालेच. "अहो, माप न्हाणीघराचं घेतात!"

"वापरणार कोण? न्हाणीघर?"

गेलो दवाखान्यात. आक्कानं त्यांना टेप काढताना बघितलं आणि म्हणाली, "काय हो, झगा शिवताय का माझा? कंबर जरा सैल ठेवा."

"नाही. बसा." त्यांनी टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. मग हात पुढं करायला लावला, वर करायला लावला, आणि सगळं कागदावर उतरवलं. ऑपरेशनच्या बाजूचा हात जरा थरथरला, तेही लिहिलं. आक्काची थट्टा कुठल्या कुठं विरली. टेपचं टोक तिच्याच हातात होतं. हळूच म्हणाली, "मिस्त्री, मी परत पडणार नाही ना?"

"नाही," ते म्हणाले, आणि टेप गुंडाळली.

तेवढ्यापुरता माझा राग गेला. पण तेवढ्यापुरताच. कारण मग आलं ते पाणी.

खालचा थर घातला, तो सुकला. आता झटपट फरशी बसवतील म्हणून मी खुशीत, तर या माणसानं पाणी जायचं भोक कापडानं गच्च बुजवलं, दाराशी विटांचा बांध घातला आणि आख्खं न्हाणीघर घोट्याएवढ्या पाण्यानं भरून टाकलं. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. "तीन दिवस हात लावायचा नाही."

"तीन दिवस? कशासाठी?"

"गळतंय का बघायला. फरशीखाली गळलं की फरशी पोकळ होते. पोकळ फरशी हलते. हललेल्या फरशीवर..." आणि पेन्सिल कानामागे खोचली.

मला ते ऐकूच आलं नाही. मला दिसत होतं कॅलेंडर. दहाच दिवस उरलेले, आणि हे घरात तळं करून घरी गेलेले! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्काचा फोन. "शेजारच्या खाटेवरची बाई केंद्रात गेली गं. जाताना रडत होती. आपलं होतंय ना वेळेत?" मी म्हटलं, हो हो, अगदी. फोन ठेवला, पदर खोचला आणि यांना म्हटलं, "तो बोळा काढा."

"अगं, पण ते मिस्त्री..."

"काही गळत नाहीये. डोळे आहेत मला. वाचला एक दिवस तर वाचला!"

यांनी बोळा काढला. पाणी गुळगुळ करत गेलं. मी स्वतः फडकं मारून जमीन कोरडी केली, आणि वर पेन्सिलीची रेघही पुसली. काय ती हुशारी माझी!

सकाळी मिस्त्री आले. जमिनीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाणी कुठं गेलं?"

"काढलं मी. थेंबभर कमी झालं नव्हतं," मी ठसक्यात सांगितलं.

"रेघ?"

मी पदरानं भलतीच भिंत पुसायला लागले. हे एकदम वर्तमानपत्र वाचायला लागले. तेही उलटं धरून.

मला वाटलं, आता हा माणूस आरडाओरडा करेल, हत्यारं गोळा करेल आणि यालाही एखादी आजी निघेल. त्यांनी फक्त बाही वर केली, बोळा पुन्हा ठोकला, नळ सोडला आणि नवी रेघ मारली. "आजपासून तीन दिवस."

मी हात जोडले, चिडले, डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं. "एक दिवस तरी कमी करा हो."

"नाही."

तीन दिवस मी त्या तळ्याकडे वैऱ्यासारखी बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. म्हणजे गळत होतं. मी पहिल्या खेपेला बघितलं तेव्हाही हळूहळू गळतच असणार, आणि माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. पाणी जायच्या नळीच्या सांध्यात केसाएवढी फट होती. मी तिथंच खाली बसले. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं!

त्यांनी सांधा फोडला, नवा केला, पुन्हा पाणी भरलं. मीच दवाखान्यात जाऊन सांगितलं की दोन दिवस उशीर होईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोनच. तिसऱ्या दिवशी केंद्र." आक्कानं विचारलं, "कशानं उशीर?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मिस्त्री म्हणाले, "पाणी पुन्हा भरावं लागलं." आक्कासाठी कमोडची सीट उंच करायची होती, तिची उंची तपासायला ते पुन्हा टेप घेऊन आले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शेवटचे चार दिवस ते सकाळी सातला यायचे आणि अंधार पडल्यावर जायचे.

सोमवारी आक्का घरी आली. वॉकर टेकत पॅसेजमधून न्हाणीघराच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. जिथं उंबरा होता तिथं तिचा पाय आपोआप उचलला गेला. खाली काहीच नव्हतं, सपाट. मी धरायला पुढं झाले, तर म्हणाली, "सोड." दांडी धरली, बसली, उठली, परत बसली. मग आतून आवाज आला, "बाहेर व्हा सगळे. मला जरा एकटीला बसू द्या."

आम्ही बाहेर उभे. यांनी नाक शिंकरलं. मला काही सुचेना म्हणून मी भांडण काढलं.

"मिस्त्री, सगळं छान केलंत, पण आरसा चुकलाय. फार खाली लागलाय. मला त्यात गळ्यापासून खालचं दिसतं."

"नाही. बरोबर आहे. त्या बसून बघणार."

"अहो, मी केस कसे विंचरू?"

"वाकून."

"माझी कंबर दुखते!"

"त्यांना वाकायची बंदी आहे. तुम्हाला आहे?"

"मग चार बोटं तरी वर घ्या. दोघींना मधलं."

"मधलं घेतलं तर त्यांना कपाळ दिसेल आणि तुम्हाला हनुवटी. दोघींपैकी एकीला तरी तोंड दिसू दे."

आतून आक्का खदखदून हसली. "आरसा तिथंच राहू दे गं. आणि कंगवा दे मला, किती दिवसांनी बघतेय स्वतःला!"

मी शेवटचं म्हणून बघितलं. "पण मला नुसती मान दिसते हो, मिस्त्री."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "मग मान घासा," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.