साळवे माझ्या पुढं

फोन आला तेव्हा मी कामानिमित्त लॅबमध्ये गेलो होतो. दिलीप साळवे गेला. सकाळी केडगाव स्टेशनच्या बाकावर शटलची वाट बघत बसला होता, तिथंच त्याची मान कलंडली. फोनवर त्याचा मेव्हणा रडत रडत सांगत होता आणि मी नुसतं ‘हं… हं…’ करत होतो. फोन ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं, “गेला पुढं!” शेजारी काम करणाऱ्या पोरींनी दचकून माझ्याकडं पाहिलं. त्यांना काय सांगणार? हा माणूस मला भेटला तेव्हापासून माझ्या पुढंच होता. आता दीडेक महिना झाला. सगळ्यांनी त्याच्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. त्याच्यावर सगळ्यात जास्त जळणारा माणूस मी, तेव्हा थोडं मलाही बोलू द्या.

कुरकुंभच्या आमच्या औषध कंपनीत आम्ही दोघं एकाच दिवशी केमिस्ट म्हणून लागलो. दोघंही बीएस्सी. मी शिरूर तालुक्यातला, घोड नदीकाठचा, घरचा ऊस, दौंडला खोली घेऊन एकटा राहायचो. तो केडगावचा. रोज शटलनं दौंडला यायचा आणि तिथून आम्ही एका कंपनी-बसमध्ये बसायचो. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते, ते लवकर वारले. घरात आई, बायको आणि दोन लहान मुलं. पहिल्याच महिन्यात लॅबमध्ये कुणाला काही अडलं की साहेब म्हणायला लागले, “साळवेला विचारा.” मी त्याच टेबलाशी उभा असायचो हो! पण नाही, साळवेला विचारा. एकदा सुट्टीत मी त्याला घरी नेलं, तर आमच्या आबांनी त्याला विहीर दाखवली, मळा दाखवला, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, “त्येच्याकडं काय हाय? न्हाई रान, न्हाई पाणी. आन् बोलतो कसा बघ. न्हाईतर तू.” जन्मदात्या बापानं हे बोलावं? त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजवर थांबलेलं नाही.

मग नव्वदीच्या शेवटी कंपनीत परदेशी तपासणीवाले येणार अशी हवा झाली आणि क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता विभागात, ऑफिसरची एक जागा निघाली. लॅबवाले आम्ही नुसतं तपासायचो. माल बाहेर सोडायचा की नाही, हा शेवटचा शब्द क्यूएचा. तिथं मान होता, केबिन होती. पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं, नुसत्या बीएस्सीवर भागणार नाही, औषधांच्या गुणवत्तेतला पदव्युत्तर डिप्लोमा पाहिजे. नोकरी सोडून कोण शिकणार? पुण्यातली एक संस्था तो डिप्लोमा पोस्टानं शिकवते, पुस्तकं घरी येतात, रविवारी क्लास असतो, हे मी शोधून काढलं. माहितीपत्रक मी आणलं. बसमध्ये साळव्याला मी दाखवलं. कंपनीतल्या शोकसभेत त्याच्या शिक्षणाचं एवढं कौतुक झालं, पण ही गोष्ट एकाही वक्त्यानं सांगितली नाही, म्हणून इथं सांगतो.

जागा एक आणि शिकणारे आम्ही दोघं. मला खोली होती, टेबल-खुर्ची होती, संध्याकाळ मोकळी होती. त्याला काहीच नव्हतं. तरी त्याचे स्वाध्याय माझ्याआधी पोस्टात पडायचे. त्याची पद्धत ऐकाल तर हसाल. त्याची बायको, सुनीता वहिनी, चुलीपुढं भाकऱ्या थापत असायच्या आणि हा शेजारी पाटावर बसून त्यांना धडा समजावून सांगायचा. वहिनी सातवी शिकलेल्या. त्यांना कळलं नाही तर हा पुढचं पान उलटायचा नाही. एकदा मी गेलो होतो तेव्हा गोळ्यांवरची मुदत कशी ठरवतात ते चाललं होतं. वहिनी म्हणाल्या, “म्हंजी पापड उन्हात ठिवून बघायचे, किती दिसांत बिघडत्यात, तसंच की!” हा खूश. मी तोच धडा चार वेळा वाचून गेलो होतो आणि मला तो त्या पापडांमुळं समजला. राग येणार नाही तर काय होणार?

रविवारी मी दौंडला शटलमध्ये बसून त्याची जागा धरायचो, तो केडगावला चढायचा. डब्यात बाजरीची भाकरी, मेथी आणि शेंगदाण्याची चटणी. अर्धा डबा माझ्यापुढं सरकवायचा. मेसचं पाणचट खाणारा मी त्याच्या डब्यावरही जळायचो आणि पुसून खायचो. क्लासमध्ये मोठमोठ्या कंपन्यांतले लोक टाय लावून आलेले असायचे. साळवे मागच्या बाकावरून एक प्रश्न विचारायचा आणि सर फळ्याकडून वळून विचारायचे, “नाव काय तुमचं?” माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

परीक्षा आली. आमच्या धंद्यात एक शिस्त असते. कागदावर चूक झाली तर खोडरबर चालत नाही, गिरवायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला छोटी सही आणि तारीख. वर्षानुवर्षं करून हाताला ते इतकं बसतं, की किराणा मालाच्या यादीतही मी ‘साखर’ खोडून सही करायचो. परीक्षेत माझा हात जिथं जिथं चुकला तिथं तिथं मी रेघ मारली आणि इमानेइतबारे सही ठोकली, तारीख घातली. उत्तरपत्रिकेत नाव, सही, खूण काही करायचं नाही, हे पहिल्या पानावर छापलेलं होतं. मी वाचलंही होतं! निकाल लागला. साळवे पहिल्या वर्गात. माझा निकाल राखून ठेवलेला, आणि वर पत्र, की ओळख उघड करून गैरप्रकार केल्याबद्दल समितीपुढं हजर व्हा.

साळव्याला पत्र दाखवलं तर तो हसून हसून आडवा झाला. मी चिडून विचारलं, “तुझ्या हातानं नाही का चुका झाल्या?”

“झाल्या ना.”

“मग सही नाही केली?”

“लिहायच्या आधीच झाल्या, शेलार. डोक्यात. तिथं कुठं सही करू?”

समितीपुढं माझ्याबरोबर तो रजा टाकून आला. मी नुसतं पत्र पुढं केलं. तिथं बसलेल्या तिघांना तो शांतपणे म्हणाला, “सर, ही खूण नाही, सवय आहे. औषधाच्या कारखान्यात सही न करता खोडणारा माणूस खोटा ठरतो. ह्याला नापास कराल तर प्रामाणिकपणाबद्दल नापास केल्यासारखं होईल.” त्यातले एक म्हातारे सर मोठ्यानं हसले. माझी उत्तरपत्रिका तपासली गेली आणि मी पास झालो. दुसरा वर्ग.

इथवर कुणीही म्हणेल, काय मित्र मिळाला! पण पुढं ऐका. मला नंतर साहेबांनी स्वतः सांगितलं, साळवे त्यांच्याकडं जाऊन म्हणाला होता, की शेलारचा निकाल येईपर्यंत जागा भरू नका. साहेब थांबले. निकाल आला. दोघांचे मार्क समोर ठेवले आणि त्यांनी साळव्याला घेतलं. आता सांगा, त्याचं काय बिघडलं असतं थांबायला सांगितलं नसतं तर? माझा निकाल अडकला होता म्हणून जागा गेली, असं मी जन्मभर सांगत फिरलो असतो. आबांना सांगितलं असतं, बायकोला सांगितलं असतं, सासुरवाडीत सांगितलं असतं. तेवढी सोयसुद्धा ह्या भल्या माणसानं ठेवली नाही. वाईट माणसावर जळणं सोपं असतं हो, त्याला शिव्या देता येतात. ह्याला काय देऊ?

पुढं तो क्यूएचा प्रमुख झाला, त्याच्या शब्दानं मीही क्यूएमध्ये आलो, त्याच्या हाताखाली. बसमध्ये मात्र तो माझ्याच शेजारी बसायचा. शोकसभेत कंत्राटी कामगारांतला एक बिहारी माणूस उभा राहिला, “साळवे साहब ने हमको…” एवढं म्हणाला आणि खाली बसला. सगळे रडले. मला तेव्हाही वाटलं, माझ्यासाठी असं वाक्य कोण अर्धवट सोडेल?

परवा केडगावला गेलो होतो. वहिनी थकल्यात. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आता साळव्याचा फोटो आहे. चहा झाला, मुलांच्या कॉलेजचं बोलणं झालं. मग मला राहवेना. एवढी वर्षं मी एकटाच पळत होतो की तोही पळत होता, हे मला कळायला हवं होतं. निदान एकदा तरी त्याला माझी धास्ती वाटली असेल… मी विचारलं, “वहिनी, खरं सांगा. दिलीप कधी माझ्यावर जळायचा का?”

त्यांनी खरोखर विचार केला. पदरानं कप पुसून खाली ठेवला.

“न्हाई, भावजी.”

“एकदाही नाही?”

“कवाच न्हाई. तुमच्यावर कशापायी जळतील वो?” आणि मग, माझा चेहरा पाहून असेल, “तुमचं लई चांगलं व्हावं, असं म्हणायचे.”

बघा. मेल्यावरसुद्धा.

सोमवारी साहेबांनी बोलावून सांगितलं, साळव्याची जागा आता तुम्ही सांभाळा. केबिन मिळाली. टेबलामागं एक मोठी खुर्ची आहे, आणि तिच्याच बाजूला, टेबलाच्या त्याच अंगाला, एक साधी खुर्ची. कुणाची चूक सापडली की साळवे त्याला समोर उभा करत नसे. त्या खुर्चीत शेजारी बसवायचा आणि दोघं मिळून एकाच कागदात बघायचे. मी शिपायाला सांगून ती खुर्ची समोर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी लॅबमधली एक पोरगी चुकलेला कागद घेऊन आली, तिनं खुर्ची उचलली, वळसा घालून माझ्या बाजूला ठेवली आणि बसली. तिच्या लक्षातही आलं नाही. दुपारी दुसरा आला, तोही सरळ शेजारी. हे काही माझ्या शेजारी बसत नाहीत, हे मला कळतं.

काल केबिनमध्ये कुणी नव्हतं. मी उठलो आणि त्या साध्या खुर्चीत जाऊन बसलो. तिथं मी कितीदा तरी बसलेलो आहे. चुका माझ्याच जास्त असायच्या. शेजारी ती मोठी खुर्ची रिकामी होती, जिच्यासाठी मी एवढी वर्षं रक्त आटवलं. टेबलावरचा एक कागद मी तिच्यापुढं सरकवला आणि वाट बघत बसलो. ये की रे साळव्या. बस तुझ्या जागेवर. मी जळतो.