उजवा कौल
देवळात ओल्या पाकळ्यांचा वास आला की बारावीनंतरची ती सकाळ आठवते. मला वर्षभर स्कुबाच्या बोटीवर काम करून मग कॉलेजला जायचं होतं, पण तेव्हा शिष्यवृत्ती मिळेल का, हे विचारलं तर कॉलेजातला क्लार्क म्हणाला, "आत्ता प्रवेश घेतलात तर अर्ज करता येईल. गॅप घेतलात तर पुढच्या वर्षी प्रतिज्ञापत्र जोडा. मिळेल की नाही, ते तेव्हाच कळेल." त्यानंतर बोट की कॉलेज, माझं मलाच कळेना. आईने सरळ गावच्या देवाला कौल लावायला नेलं. गुरवांनी दगडी मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "देवाक नेमका काय इचारू?" आई शिष्यवृत्तीचं सांगू लागली, मी बोटीचं, मग दोघी प्रतिज्ञापत्राचं. गुरवांनी हातानेच आम्हाला थांबवलं आणि माझ्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या मनात जा काय आसा, ता होवचा आसात तर उजवी दी." "होय म्हाराजा," आम्ही म्हणालो. उजवी पाकळी लगेच पडली. पायऱ्या उतरताना आई खुशीत म्हणाली, "झाला मां तुझ्या मनासारखा? आता सांग गो, काय आसा तुझ्या मनात?" पुढे मी कॉलेज पुरं केलं, पण त्या सकाळी माझ्या मनात काय होतं, ते अजून त्या देवालाच ठाऊक.