बाकाचं दुसरं टोक

बोईसरच्या आमच्या चर्चमध्ये आज बाकांना नव्या पॉलिशचा वास येत होता. त्या वासानं इथला पहिला रविवार आठवला; तेव्हाही बाकं अशीच नुकती पॉलिश केलेली.

सातवीतून शाळा सोडलेली, मोठा झाल्यावर जालन्याहून इथल्या कारखान्यात कामाला आलेलो. गावी आई दवाखान्यात. उपासना संपल्यावर बायका एकमेकींचे हात धरून प्रार्थना करत होत्या. आम्हाला हुकूम, "पुरुषांनी थांबा, बाकं हलवायचीत!"

वैतागून मी टोक धरलं. दुसऱ्या टोकाला केळव्याचे पीटरकाका होते.

"तोंड का पाडलंय रे?"

मी आईचं सांगितलं. चालता चालताच काका तिच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करू लागले. मी डोळे मिटले.

"डोळे उघड येड्या, पायरी हाय!"

एवढ्या मायेसाठी पुरुषाला आधी बाक उचलावं लागतं, याचा वैताग अजून जात नाही. पण तो हुकूम आला की मी थांबतोच.